मामीची मतं, माझी सही

आगाशीच्या वाचनालयात पुस्तक परत केलं की लगेच दुसरं मिळत नसे. आधी टेबलावरच्या जाड वहीत परत केलेल्या पुस्तकाबद्दल निदान एक ओळ लिहायची, पुढे आपलं नाव घालायचं, मग म्हात्रे सर कपाटाची किल्ली काढायचे. नियम त्यांचाच. ते निवृत्त शिक्षक होते आणि वाचनालय हा आपला शेवटचा वर्ग आहे असं त्यांना वाटत असावं. "जेवून उठलेला माणूस भाजी खारट होती की अळणी ते सांगतो ना? मग पुस्तकानं काय घोडं मारलंय?" असं ते प्रत्येक नव्या सभासदाला विचारत. वही सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेली आणि पेन वहीला बांधलेलं. लोक उभ्याउभ्या लिहीत. 'छान.' 'बरे आहे, पण अक्षर बारीक.' 'शेवट पटला नाही, मुलीने माहेरी यायला हवे होते.' 'पान ६२ वरचा चहाचा डाग आधीपासूनचा आहे, आमचा नाही.' एका प्रवासवर्णनाबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, 'लेखक फार फिरला, जेवला कुठे ते मात्र सांगत नाही.' आता मी कुठलंही पुस्तक मागवण्याआधी मोबाईलवर त्याच्याखालचे तारे आणि मतं वाचते, सिनेमाला जाण्याआधीही वाचते, आणि पाच तारे देणाऱ्यापेक्षा 'तो डाग आमचा नाही' असं लिहिणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. ही खोड मला त्या वहीने लावली.

मी तिथे पोचले ती मामीची पुस्तकं बदलून आणायला. बारावीची परीक्षा संपली होती, निकालाला दोन महिने होते. आम्ही विरारला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आई-बाबा दोघंही सकाळी कामाला बाहेर पडायचे आणि दिवेलागणीनंतर परतायचे. आईला माझी एकच काळजी होती, मी बोलत नाही याची. पाहुणे आले की मी पाण्याचा ग्लास ठेवून आत जायची. कुणी काही विचारलं तर होय-नाहीचं काम मान हलवून भागवायची. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे हेच शहाणपण समजलं जायचं. पुस्तकावर अभिप्राय लिहायचा तर त्याचा साचा फळ्यावर असायचा: विषय, मुख्य पात्र, बोध. मी तो साचा इतका स्वच्छ भरायची की माझा कागद वर्गात फिरवत. मैत्रिणी सिनेमा बघून आल्या की मी आधी सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि जिकडे जास्त जणी तिकडे मान हलवायची. "दोन महिने घरात एकटी बसलीस तर बोलायचंच विसरशील," असं म्हणून आईने माझी बॅग भरली आणि मला आगाशीच्या बसमध्ये बसवून दिलं.

मामाचं घर बाजारापासून दहा मिनिटांवर. पुढे नवीन स्लॅबचं घर, मागे केळीची वाडी. सकाळी पाववाल्याच्या सायकलची घंटा, मग विहिरीवरचा पंप, मग देवळातली आरती, आणि या सगळ्यावरून मामीचा आवाज. मामीचं माहेर खाडीकडचं, भातशेतीवाल्यांचं. तिकडची बोली तिने लग्नानंतरही सोडली नव्हती. ती 'पानी' म्हणायची, 'कोन' म्हणायची, आणि मला 'बाय' म्हणायची. तिचे ते दिवस सुकेळीचे होते. राजेळी केळी पूर्ण पिकली की सोलायची, मांडवावर उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची, दुसऱ्या दिवशी परत पसरायची. आठवडाभरात केळं मधासारखं तपकिरी होतं, चिवट आणि गोड होतं, मग ते केळीच्याच वाळलेल्या पानात घट्ट गुंडाळायचं. मामी आणि शेजारच्या नलूकाकू ओसरीवर बसून सोलत. हात कोपरापर्यंत चिकट. जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं असायचं, पण माझं पोट त्याआधीच भरलेलं असायचं, कारण सोलताना फुटलेलं प्रत्येक केळं माझ्या वाट्याला यायचं.

पहिल्याच दिवशी मामीने कोपराने कोनाड्याकडे खूण केली. "बाय, ते पुस्तक घे आनि वाच. माझे हात बघ कसे झालेत. अर्धं झालंय, बाई रडायला लागलीय तिथपासून घे." मी पुस्तक काढलं. मराठी मी बोलायची, पण वाचायची ती दहावीच्या पुस्तकापुरती. मी बोट ठेवून वाचायला लागले, जोडाक्षराला अडखळत. नलूकाकू म्हणाल्या, "ही वाचतेय की दगड फोडतेय?" मामी म्हणाली, "फोडू दे. तू जा शाळेत, मग बोल." आणि मी वाचत राहिले. आठवड्याभरात बोट सुटलं. पंधरा दिवसांत मी पात्रांचे आवाज काढायला लागले, हे मला स्वतःलाही नंतर कळलं.

मामी ऐकायची ती नुसती ऐकायची नाही. तिचा हात चालू असायचा आणि तोंडही. ती रडणारी बाई चुलीपुढे बसून तीन पानं रडत होती. मामी म्हणाली, "थांब. चुलीवर भात होता ना? मग करपला असेल आतापर्यंत. भाताचं काय झालं ते बघ पुढं." मी पुढे बघितलं. भाताचा उल्लेख नव्हता. "मग ती खरी रडत नव्हती," मामीने निकाल दिला. "बाई रडते तेव्हा भात आधी उतरवून ठेवते." एका रहस्यकथेत तिने चाळिसाव्या पानावर खुनी ओळखला. "सगळ्यांना चहा दिला, ह्यालाच दिला नाय. लेखकाला आधीच राग आहे ह्याचा." तोच निघाला. रविवारी दुपारी टीव्हीवर सिनेमा असायचा, तेव्हाही हेच. नलूकाकू सिनेमाची परीक्षा स्वयंपाकघरावरून करत: "वीस मानसं जेवून गेली आनि ओट्यावर एक भांडं नाय." मामा पहिल्या गाण्याला झोपायचा आणि शेवटच्या मारामारीला उठून "छान होता" म्हणायचा.

वाचनालयाचं सभासदत्व मामाच्या नावाचं होतं. बाजारात जाता-येता पुस्तक बदलून आणायचं काम त्याचं, आणि वहीत लिहायचंही त्याचंच. अकरा वर्षं त्याने एकही पुस्तक न उघडता प्रत्येकासमोर एकच मत लिहिलं होतं: 'छान आहे. नरेश राऊत.' मामी स्वतः कधी गेली नव्हती. "आत पेपर वाचनारे पुरुष बसलेले असतात टेबलाला. त्यांच्यात मी कुठं उभी राहू? आनि काय लिहू?" असं ती म्हणायची. मी आल्यावर मामाने आनंदाने ते काम माझ्याकडे दिलं.

पहिल्यांदा मी रडणाऱ्या बाईचं पुस्तक घेऊन गेले. टेबलाभोवती चौघं पेपर वाचत होते. म्हात्रे सरांनी वही पुढे सरकवली. मी पेन धरलं आणि मला काही सुचेना. विषय, मुख्य पात्र, बोध. ते लिहायला पान पुरलं नसतं. मागे कुणीतरी खोकलं. मग मला मामीचं वाक्य आठवलं आणि मी ते माझ्या गोल, शाळकरी अक्षरात उतरवलं: 'ही बाई तीन पानं रडते, तोवर चुलीवरचा भात करपला असेल. लेखकाने भाताचं काय झालं ते सांगितलेलं नाही.' पुढच्या रकान्यात 'वाचकाचे नाव' होतं. वाचलं तर मीच होतं. मी लिहिलं: केतकी. तेव्हा मला त्यात काही वाकडं वाटलं नाही.

वाकडं झालं ते पुढच्या आठवड्यात. मी आत शिरले आणि पेपरवाल्यांपैकी एक काका म्हणाले, "हीच काय ती भातवाली?" म्हात्रे सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. त्यांनी ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली होती. "हे तुला सुचलं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

एवढंच. तोंडातून शब्दही काढला नाही. आयुष्यभर ज्या मानेवर भागवलं, तीच हलवली. नंतर पुष्कळदा मी त्या क्षणाकडे परत गेले आहे आणि मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, की मी ती घाबरून नव्हती हलवली. मला आवडलं होतं. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे, मी पुढे काय म्हणते म्हणून बघत होतं. पुढच्या खेपेला मी चहा न मिळालेल्या खुन्याबद्दल लिहिलं, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी एक. काका लोक माझ्यासाठी वही उघडून ठेवायला लागले. "विरारची असून डोकं आहे हो पोरीला." सर मला कपाटातलं हवं ते पुस्तक स्वतः काढू द्यायला लागले. मी ताठ चालायला लागले, बाजारातून परतताना ओळखीच्यांना स्वतःहून हाक मारायला लागले. आईला फोनवर मामी सांगायची, "पोर खुलली गं." आणि मी परतल्यावर मामी विचारायची, "काय लिहिलंस?" मी म्हणायची, "मामा लिहितो तेच. छान आहे." तिला ते पुरायचं.

मे महिन्यात सरांनी एक कादंबरी हातात दिली. लेखक मुंबईचे, साठीचे, पण गोष्ट आपल्या वाड्यांमधली, म्हणून बाजारात तिची चर्चा होती. एका बाईचा नवरा अंगणामागे एक केळ लावतो आणि दुसऱ्या दिवशी खाडीत होडी उलटून जातो. बाई कुणाशी फारशी बोलत नाही. दर वर्षी त्याच्या तिथीला ती त्या केळीखाली पाट मांडते, दिवा लावते आणि संध्याकाळभर बसते. आम्ही ती आठ दिवस वाचली, मांडवावरची केळी वाळायला लागली तेवढेच दिवस. मामी कधी नव्हे ती गप्प ऐकत होती. नलूकाकूंनी एकदा तोंड उघडलं तर तिने त्यांना हाताने थांबवलं. शेवटच्या प्रकरणात बारा वर्षं झालेली असतात, बाईचे केस पांढरे झालेले असतात आणि ती नवऱ्याने लावलेल्या त्या केळीचा बारावा घड उतरवते.

मी मान वर केली तर मामी हसत होती. आधी नाकातून, मग सगळी हलत. चिकट हात हवेत धरून ती आणि नलूकाकू एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. "बारावा घड! एकाच केळीचा! अगं बाय, केळ एकदाच वेते. घड काढला की तिला तोडायची, नाहीतर उभ्या उभ्या कुजते. बाजूला पिल्लू येतं, ते वाढतं, मग त्याला घड. बारा वर्षं कसली गं?" मी पुढचा परिच्छेद वाचायला लागले, पण त्यांचं हसू थांबेना, म्हणून त्या हसण्यातच मी पुस्तक संपवलं. मग मामीने डोळे दंडाला पुसले आणि एकदम गंभीर झाली. "लेखकाला म्हाईत नाय, ते सोड. पन त्या बाईला तर म्हाईत असनार ना? जन्म वाडीत गेला तिचा. ती अशी बसली नसती. पहिला घड उतरला त्या दिवशीच ती कोयता घेऊन उठली असती, केळ तोडली असती, आनि पिल्लाला पानी घातलं असतं. मग रडली असती."

मला ते लगेच पटलं. आणि तरी पूर्ण पटलं नाही. मला ती बाई आवडली होती, ती बोलत नाही म्हणून, आणि ती मूर्ख आहे असं मला वाटत नव्हतं. मामी हसत असताना मी वाचलेलं एक वाक्य माझ्या डोक्यात अडकलं होतं. त्या दोघींनी ते ऐकलंच नव्हतं. मी ते बोलले नाही. मामीच्या तोंडून एवढं चांगलं मत आल्यावर आपलं अर्धवट काय सांगायचं? वाचनालयात जाऊन मी कोयत्याचं मत शब्दाला शब्द उतरवलं. सही केली.

चार दिवसांनी म्हात्रे सर स्वतः वाडीत आले. मामा ओसरीवर होता, मामी मांडवाशी. सर म्हणाले, "नरेश, तुझ्या भाचीनं कमाल केलीय. मी तिचा अभिप्राय लेखकांना फोनवर वाचून दाखवला. ते शनिवारी येताहेत आपल्याकडे. म्हणाले, ह्या वाचकाला मला भेटायचंय. आपण सगळ्यांसमोर तिचं लिहिलेलं वाचू आणि तिचा सत्कार करू." मामाने मला शाबासकी दिली. मामी मांडवावरून ओरडली, "काय लिहिलंस गं एवढं? 'छान आहे' वर कोन सत्कार करतं?" सर हसले, त्यांना वाटलं ती थट्टा करतेय. "तिथंच ऐका वहिनी," ते म्हणाले आणि गेले.

शनिवारपर्यंतचे ते दिवस मला आजही अंगावर येतात. मामी माझ्यासाठी साडी काढत होती. नलूकाकू गजऱ्याला मोगरा सांगून आल्या होत्या. लेखकांना द्यायला सुकेळीची सर्वांत चांगली पुडी वेगळी ठेवली होती. आणि मला एवढंच दिसत होतं की शनिवारी मामी खुर्चीवर बसेल आणि माईकवरून तिला तिचाच आवाज ऐकू येईल, माझ्या नावाने. "मामी, ऊन फार असतं, तू नको येऊस," मी म्हटलं. "साडेपाचला कसलं ऊन?" "तिथे पुरुष असतात सगळे." "असू दे. माझ्या भाचीचा सत्कार आहे." आधीच सांगून टाकावं म्हणून मी तीनदा ओसरीवर तिच्याशेजारी बसले. तीनही वेळा तिने एक फुटलेलं केळं माझ्या हातात दिलं, आणि मी ते खाऊन उठले.

शनिवारी वाचनालयाच्या गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. मामी तिसऱ्या रांगेत, मांडीवर पुडी. त्या इमारतीत तिने पहिल्यांदा पाऊल ठेवलं होतं आणि वर येताना ती सगळीकडे बघत आली होती, कपाटांकडे, वहीकडे, पेपरवाल्या काकांकडे. मला पुढे लेखकांच्या शेजारी बसवलं. ते साधे होते, सारखा चष्मा पुसत होते. सरांनी सुतळी सोडून वर आणलेली वही उघडली. "आधी हिचे जुने मासले ऐका," ते म्हणाले आणि त्यांनी भाताचं वाचलं. लोक हसले. मामीही हसली. मग ती हसायची थांबली. सरांनी चहाचं वाचलं. मामीने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, मग तिने पदर खांद्यावर सारखा केला आणि मांडीवरच्या पुडीची गाठ पुन्हा बांधायला घेतली, जी सुटलेलीच नव्हती.

सरांचं कोयत्याचं मत वाचून झालं, टाळ्या झाल्या, आणि त्यांनी शाल उचलली. "हे सगळं हिचं, अठराव्या वर्षी! होय ना गं?"

मान हलवायची जागा हीच होती. मी उठले. माईक माझ्या उंचीला नव्हता, त्यामुळे पहिले शब्द कुणाला ऐकू गेले नाहीत आणि मला ते पुन्हा म्हणावे लागले. "हे माझं नाही. अक्षर माझं आहे. मत मामीचं आहे. भाताचंही, चहाचंही, कोयत्याचंही. ती केळी सोलताना सांगते, मी इथे येऊन लिहिते आणि खाली माझी सही करते. सरांनी विचारलं होतं तेव्हा मी मान हलवली. ते खोटं होतं."

 मग पेपरवाले काका मागून म्हणाले, "तरी म्हटलं, विरारच्या फ्लॅटातल्या पोरीला करपलेल्या भाताचं काय पडलंय!" सगळे हसले. मामा उठून म्हणाला, "मला यातलं एकही मत कधी सांगितलं नाहीस!" तेव्हा मामी, इतक्या पुरुषांमध्ये, बसल्या जागेवरून म्हणाली, "तुम्हाला काय सांगू? तुमचं ठरलेलं. छान आहे." त्या हशात म्हात्रे सर तिसऱ्या रांगेपाशी गेले आणि त्यांनी ती शाल मामीच्या खांद्यावर घातली. ती नको नको म्हणत राहिली आणि शाल घट्ट धरूनही राहिली.

मी बसणार होते. सर म्हणाले, "थांब. वहीचा नियम मोडलायस तू. वाचेल त्यानं लिहायचं. पुस्तक तू वाचलंस ना? मग तुझं मत कुठंय?"

माझ्याकडे साचा नव्हता आणि मामीचंही काही उरलं नव्हतं. मी लेखकांकडे बघितलं आणि बोलायला लागले, आणि नवल म्हणजे मला भीती वाटली नाही. वाईटातलं वाईट सांगून झालं होतं. "मला वाटतं, त्या बाईला माहीत आहे," मी म्हटलं. "केळ एकदाच वेते, ते तिला माहीत आहे. तुम्ही शेवटी एक वाक्य लिहिलंय, की दर वर्षी ती पाट मागच्या वर्षीपेक्षा हातभर सरकवून मांडते. ती का सरकवते? कारण जुनी केळ तोडलेली आहे. बाजूचं पिल्लू वाढलंय, आणि ते हातभर बाजूला आहे. ती दर वर्षी कोयता घेऊन उठते. फक्त कुणाला सांगत नाही. तिच्या लेखी ती केळ तीच आहे. मामीचं म्हणणं बरोबर आहे, पण त्या बाईबद्दल मामी चुकली."

लेखकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं. मी लहानपणी सुट्टीत इकडे मावशीकडे यायचो. ती काकांच्या तिथीला केळीखाली पाट मांडायची. दर वर्षी थोडा बाजूला. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, सावली सरकली बाळा. मी तेच डोक्यात ठेवलं. मला वाटायचं केळ तीच आहे. मी बघितलं ते लिहिलं, मला कळलं मात्र काहीच नव्हतं." त्यांनी मामीला विचारलं, "बाई, सरकते का हो केळ?" मामी म्हणाली, "सरकते. पिल्लू नेमकं त्याच जागी कसं येईल?" मग माझ्याकडे न बघता, "एवढं मला सुचायला हवं होतं."

घरी येताना मामा आणि नलूकाकू पुढे निघून गेले. मामी शाल काखेत घेऊन चालत होती. देवळापाशी आल्यावर म्हणाली, "नाव घातलंस त्याचं मला काय नाय. मी आत कधी गेलेच नसते. पन मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, "मला आवडत होतं ते. सगळे विचारायचे ते." "हं." पुन्हा थोडं चालून, "आनि ते पाटाचं? ते तू मला वाचून दाखवलं नाहीस."

"वाचलं होतं. तू हसत होतीस."

"मग तेव्हाच बोलायचं ना! माझं तोंड बंद करायचं! घरात तोंड उघडत नाहीस आनि चारचौघांत माझं मत खोडतेस?" पण ती खूश होती, हे मला तिच्या चालण्यावरून कळत होतं. रात्री आईचा फोन आला. बोलते का गं कुणाशी, आईने विचारलं. मामी म्हणाली, "बोलते. माझ्या विरुद्ध बोलते."

दुसऱ्या दिवशी तिने मला शेवटचं प्रकरण पुन्हा वाचायला लावलं. वाचनालयाचं पुस्तक परत गेलं होतं, पण लेखकांनी स्वतःची प्रत तिला दिली होती. ती हात धुऊन बसली होती, सुकेळी बाजूला ठेवून, आणि नलूकाकूंना सक्त ताकीद होती. वाचून झाल्यावर तिने पुस्तक कोनाड्यात ठेवलं. सोमवारी तिने साडी बदलली, चपला घातल्या आणि माझ्याबरोबर बाजारात आली. वाचनालयात पेपरवाले काका उठून उभे राहिले, तिने त्यांना बसायची खूण केली. सरांनी वही पुढे सरकवली. माझ्या नावाच्या ओळींकडे तिने बोट दाखवलं आणि म्हणाली, "ही नावं खोडायची नाहीत. वाचलं तिनंच." मग पेन घट्ट धरून तिने, एकेक अक्षर दाबत, लिहिलं. मी बाजूला उभी होते आणि मला वाकून बघू दिलं नाही. ती पुस्तक निवडायला कपाटाशी गेल्यावर मी वाचलं.

'पुस्तक दोनदा ऐकले. पहिल्यांदा मी हसत होते. कोयता तरी दाखवायला हवा होता. सुलभा नरेश राऊत.'

त्याच्या खालच्या ओळीवर मी माझं मत लिहिलं, आणि पुढे माझं नाव घातलं.